एक्केचाळीस पांढरे दगड

१

शुक्रवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला क्लोखबानच्या लोकांना कळलं, की आपल्या गावाचं नाव चोरीला गेलंय.

नाव अजून कोरायचं होतं म्हणा. होता तो नुसता दगड. पांढऱ्याशुभ्र गारगोटीचा, बसलेल्या कोकराएवढा. मंगळवारी तो गावाच्या हॉलसमोरच्या हिरवळीवर आणून मांडला होता. त्यावर नाव कोरून रविवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे सामूहिक प्रार्थना, आटोपली की त्याचं अनावरण करायचं ठरलं होतं. त्या दिवशी सकाळी सगळं गाव कन्सेप्टा लव्हेलच्या घरी होतं. वर्षातून एकदा पाळीपाळीने एकेकाच्या घरी फादर येऊन मिस्सा म्हणतात आणि मग यजमानीण गावाला न्याहारी घालते, त्यातली ही पाळी. आठ वाजता हॉलवरून जाताना दगड सगळ्यांनी पाहिला होता. साडेदहाला अंडी-सॉसेज खाऊन, ढेकर देत परतले, तर उरली होती फक्त खालची पाटीच्या दगडाची बैठक. तीसुद्धा स्वच्छ झाडलेली.

"दगडाला काही पाय फुटत नाहीत," कॅहल डर्कन म्हणाला. कॅहलचं खिळे-मोळ्यांचं दुकान होतं आणि तो ग्रामसमितीचा अध्यक्ष होता. दोन्हींमुळे तो मोठ्याने बोलायचा. "न्याहारीला कोण नव्हतं तेवढं सांगा, मी चोर सांगतो."

कोण नव्हतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांच्या माना डेलिया गॉहनकडे वळल्या.

डेलिया सदुसष्ट वर्षांची. चाळीस वर्षं तिने गावचं पोस्ट सांभाळलं होतं आणि पाकीट न उघडता आतला मजकूर ओळखण्यात तिचा हात धरणारा कुणी नव्हता. दगडाशेजारच्या फलकासाठी गावाच्या नावाची गोष्टही तिनेच लिहून दिली होती. पण आत्ता लोक तिच्याकडे बघत होते ते कोलमनची मावशी म्हणून. कोलमन म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीचा मुलगा, पाथरवट. इंग्लंडात बारा वर्षं दारूत घालवून तो मागच्या वर्षी परत आला होता. दारू सुटली होती. नाव कोरण्याचं हे काम म्हणजे गावाने त्याच्यावर टाकलेला पहिला विश्वास होता.

"काल त्याने माझ्याशी भांडण काढलं," कॅहल म्हणाला. "म्हणतो, या दगडावर कोरणार नाही. आणि आज दगड गायब. डेलिया, तुमचा मान राखून सांगतो, रविवारच्या मिस्सेपर्यंत दगड जागेवर आला तर मी काही विचारणार नाही. नाही तर सार्जंटला बोलावणार."

डेलिया घरी गेली. स्वयंपाकघरात कोलमन बसला होता आणि त्याच्या पायाशी बॅग भरून ठेवलेली होती.

२

"कुठे निघालास?"

"रविवारी दुपारची बस आहे. तिथून इंग्लंडच्या बोटीवर."

"तू घेतलास का दगड?"

"नाही."

"मग बॅग कशाला?"

"मावशी, मी घेतला नाही हे तुला खरं वाटेल. बाकी गावाला कोण समजावणार? मी प्यायचो तेव्हा माझ्यावर संशय घेतला तर मला राग नाही यायचा. आता येतो. त्यापेक्षा गेलेलं बरं."

डेलियाने चहाचं पाणी ठेवलं. हा पोरगा परत गेला तर यायचा नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. बहीण मरणाच्या दारात असताना तिने तिला शब्द दिला होता की कोलमनला मी घरी आणीन. त्या शब्दाला एक वर्ष झालं होतं आणि आता दोन दिवस उरले होते.

"भांडलास कशावरून?"

"गारगोटीवर कुणी कोरतं का? छिन्नी मारली की टवका उडतो. मी म्हटलं, गुळगुळीत पाटीचा दगड आणा. कॅहल म्हणाला, गावाचं नाव पांढरे दगड, तर दगड पांढराच पाहिजे. शेवटी मी निळ्या पेन्सिलीने अक्षरं आखून ठेवली आणि घरी आलो. आज सकाळी छिन्न्यांना धार लावत होतो. एकटाच. साक्षीला फक्त सहाण."

क्लोखबान म्हणजे पांढरे दगड, यात कुणाचं दुमत नव्हतं. भांडण होतं ते हे दगड आले कुठून, याचं. हॉलच्या मागे काटेरी झुडपांनी वेढलेला जमिनीचा एक तुकडा होता आणि गवतात पांढऱ्या गारगोट्या विखुरलेल्या होत्या. तिथे कुणी गवत कापत नसे. पोरांना तिथे खेळू देत नसत, तिथला दगड हलवला तर घरातलं दूध नासतं असा धाक घालत. डेलियाने फलकावर लिहिली होती ती शाळेत ऐकलेली गोष्ट: एका संताची दुधाची चरवी लवंडली आणि थेंबाथेंबाचा दगड झाला. याच तुकड्यातला सगळ्यात मोठा दगड समितीने उचलला होता. आणि सोमवारी खोदकामाचं यंत्र येऊन तिथे गाड्या लावायला सपाट जागा करणार होतं, कारण गोष्ट वाचायला पर्यटकांच्या बसेस येतील अशी कॅहलची खात्री होती.

दुपारी डेलिया हॉलसमोर गेली. हिरवळ ओली होती. बैठकीपासून रस्त्यापर्यंत गवत दबलेलं होतं, पण पट्टा चांगला वीतभर रुंद आणि उथळ. एकच पट्टा. मोटारीचा असता तर दोन असते. कोलमनची लोखंडी हातगाडी अरुंद रबरी चाकाची, ती ओल्या जमिनीत सुरीसारखी रुतते.

असं रुंद लाकडी चाक डेलियाने लहानपणी रोज पाहिलं होतं. जळणाचा टर्फ, म्हणजे वाळवून जाळायची काळी माती, कापायला दलदलीत जायचं तर गाडीचं चाक रुतून चालत नाही. म्हणून ती बिनकठड्याची, बुटकी, पाटासारख्या रुंद चाकाची हातगाडी. आता टर्फ यंत्राने कापतात. गावात तसल्या गाड्या उरल्या होत्या तीनच. एक कन्सेप्टा लव्हेलच्या फाटकाशी, एक कॅहलच्या दुकानात आणि एक म्हाताऱ्या मॅलकी टोलनकडे.

तिघांपैकी एकालाही चोर म्हणायला तिची जीभ रेटत नव्हती.

३

"ये ये, चोराची मावशी आली," कन्सेप्टा म्हणाली आणि लगेच चहाचा कप पुढे केला. तिचा टोमणा आणि पाहुणचार नेहमी एकाच ताटातून यायचे. "सॉसेज उरलेत. खा. सकाळी तुझ्या घशाखाली काही उतरलं नसणार."

"सकाळी उतरलं होतं. नंतर अडकलं."

"मी म्हणतेच आहे पहिल्यापासून, तो दगड हॉलसमोर शोभतच नाही. गावाचं नाव माझ्या विहिरीवरून आलंय. विहिरीच्या कडेला पांढरे दगड आहेत की नाहीत?"

"ते तुझ्या नवऱ्याने चुना मारून पांढरे केलेत, कन्सेप्टा. चुन्याची पिशवी पोस्टानेच आली होती."

कन्सेप्टाने तिच्याकडे रोखून पाहिलं आणि मग दोघी हसल्या. फाटकाशी तिच्या नवऱ्याची टर्फची गाडी उभी होती. तिच्यात माती भरून लावलेली जिरेनियमची फुलं चांगली वाढलेली होती आणि चाकाला वेल गुंडाळलेली. ती दोन वर्षांत हलली नव्हती हे आंधळ्यालाही कळलं असतं.

"बरं मला सांग, मिस्सेला कोण उशिरा आलं?"

"मॅलकी. मिस्सा बुडवली आणि अंडी वाढताना नेमका हजर. म्हणे मेंढी चरात अडकली होती. बूट चिखलाने भरलेले आणि बिचारा असा धापा टाकत होता, मी म्हटलं हा माझ्याच गालिच्यावर मरतो की काय. दोन कप चहा पाजला तेव्हा रंग आला."

कॅहलच्या दुकानातली गाडी आढ्याला टांगलेली होती, पर्यटकांना विकायला. वर धुळीचा थर आणि चाकाच्या आऱ्यांत कोळ्याचं जाळं.

"आता काय माझी झडती?" कॅहल म्हणाला.

"झडती कसली. नकाशा बघायचाय, गाड्यांच्या जागेचा. माझा फलक कुठे बसतोय ते कळू दे."

कॅहलने नकाशा पसरला. त्याने स्वतः पट्टीने आखलेला होता. चौकोनी जागा, सरळ रेषा, सगळं नीट. फक्त पूर्वेच्या कुंपणापाशी रेषेला एक पोक आला होता. एका दगडाला वळसा घालून ती पुन्हा सरळ झाली होती.

"हे काय रे?"

"काही नाही. एक दगड ठेवलाय शोभेला."

"चार गाड्यांची जागा जातेय शोभेत."

"जाऊ दे," कॅहल म्हणाला आणि नकाशाची गुंडाळी केली. एरवी इंचाइंचावरून सुताराशी हुज्जत घालणारा हा माणूस. डेलिया दुकानातून बाहेर पडली तेव्हा तिच्या मनात एकाच्या जागी दोन प्रश्न होते.

४

शनिवारी सकाळी ती टेकाडावर मॅलकी टोलनकडे गेली. मॅलकीचं वय ऐंशीला टेकलेलं. त्याची बायको विनी नोव्हेंबरात वारली होती आणि तेव्हापासून तो आधीपेक्षाही कमी बोलायचा.

"बस पोरी," तो म्हणाला. सदुसष्ट वर्षांच्या डेलियाला पोरी म्हणणारं आता दुसरं कुणी उरलं नव्हतं.

तो चहा करायला वळला तशी डेलियाने आजूबाजूला पाहिलं. शेगडी एका भिंतीला होती, पण दोन्ही खुर्च्या शेगडीकडे पाठ करून खिडकीकडे तोंड करून ठेवलेल्या. खुर्च्यांच्या पायांनी फरशीवर खड्डे पडले होते, म्हणजे त्या वर्षानुवर्षं तशाच होत्या. ती विनीच्या खुर्चीत बसली. खिडकीतून दिसत होतं हॉलचं छप्पर, त्यामागची काटेरी झुडपं आणि त्यांच्यामधली हिरवी जागा.

"मेंढी बरी आहे का?" तिने विचारलं.

"कुठली?"

"काल चरात अडकलेली."

"हां. आहे बरी."

येतानाच तिने पाहिलं होतं, अंगणात मेंढ्यांचा वाडा रिकामा होता आणि त्यात कंबरेएवढं तण माजलं होतं. मेंढ्या त्याने विनीच्या आजारपणातच विकल्या होत्या. विक्रीचे कागद टपालाने गेले तेव्हा डेलियाला ते कळलं होतं आणि काल ती ते विसरली होती. टर्फची गाडी भिंतीला उलटी टेकवून उन्हात वाळत होती. मे महिना, टर्फ कापायचे दिवस. या दिवसांत ती गाडी काळ्या चिखलाने माखलेली असायची. ही तर घासून, धुऊन लख्ख केलेली, चाकासकट. शेजारी दोरीवर विनीची लोकरी शाल वाळत होती.

गाडी काम झाल्यावर धुतली असती तर समजण्यासारखं होतं. पण शालीच्या मधोमध लोकर दबून घासली गेली होती आणि तिथे गारगोटीची चमचमती कच अडकलेली होती, चिखलाचा मात्र एक डागही नव्हता. कुणीतरी आधी गाडी धुतली होती, मग तिच्यावर शाल अंथरली होती आणि मग त्या शालीवर दगड ठेवला होता. चोर असं कशाला करेल?

डेलियाने चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि काही न विचारता निघाली. तिचे पाय आपोआप हॉलच्या मागे वळले.

लहानपणी दर रविवारी आई तिला इथे आणायची. "मोज गं," म्हणायची. डेलिया मोजायची, एक्केचाळीस. "कमी भरले तर मला सांगायचं हं." मग काटेरी झुडपाखाली एका पावाएवढ्या दगडापाशी आई हटकून बुटाची नाडी बांधायला वाकायची. डेलियाला मोजायची सवय लागली ती कायमची. मंगळवारी कोलमन आणि कॅहलने मोठा दगड उचलून नेला तेव्हाही तिने उगाच मोजले होते. चाळीस भरले होते आणि दगडाच्या जागी पिवळं गवत आणि ओली काळी माती होती.

ती फाटकाशी उभी राहून मोजू लागली. चुकलं असं वाटून पुन्हा मोजले.

एक्केचाळीस.

५

दगड होता तिथेच होता. सगळं गाव रस्ते, गोठे, कोलमनचं कोठार धुंडाळत होतं आणि दगड जिथून उचलला तिथेच परत येऊन बसला होता. चोराने उचललेला माल मूळ जागी ठेवला असेल, हे कुणाच्या मनात येणार? बाजूला उपटलं गेलेलं पिवळ्या फुलांचं रोप पुन्हा लावून पाणी घातलेलं होतं. डेलियाने गुडघे टेकून दगडाच्या बुडाशी बोटं फिरवली. खालच्या कडेला निळ्या पेन्सिलीची रेघ दिसत होती. अक्षरांची बाजू त्याने जमिनीकडे केली होती.

"फळ्या लावून वर सरकवला," मागून आवाज आला. मॅलकी टोपी हातात घेऊन उभा होता. "तू कप विसळलास तेव्हाच मला कळलं की तुला कळलंय. सार्जंटला बोलाव. कोलमनवर आळ आलाय हे मला काल रात्री समजलं. मी उद्या चर्चमध्ये उभा राहून सांगणारच होतो."

"कुणाचा आहे हा, मॅलकी?"

तो टोपीची कड बोटांनी फिरवत राहिला. डेलियाने घाई केली नाही.

"आमच्या मुलीचा," तो म्हणाला. "साठ वर्षं झाली. दोन तास जगली. फादर पोचायच्या आत गेली. बाप्तिस्मा झाला नव्हता, मग चर्चच्या आवारात जागा नाही. तेव्हा तसा नियमच होता. मी पेटी बगलेत धरून एकटा इथे आलो. बायकांनी यायचं नसतं म्हणे. विनी अंथरुणात होती. ती म्हणाली, मला खिडकीतून दिसेल असा दगड ठेव. म्हणून नदीतून सगळ्यात मोठा आणला. त्याच गाडीवरून."

"आणि मंगळवारी तो उचलताना तू पाहिलंस."

"खुर्चीत बसलो होतो. बघतो तर जागा काळी. विनी जाताना एवढंच म्हणाली होती, लक्ष ठेव."

"अरे मग बोलायचंस! एक शब्द बोलला असतास तर मी स्वतः..."

"काय बोलू पोरी? साठ वर्षं आम्ही दोघं एकमेकांत बोललो नाही. त्या शब्दाला तोंडच बसत नाही."

डेलियाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते पुसलं नाही. "नाव काय होतं तिचं?"

"ठेवता आलं नाही. विनी मनातल्या मनात काहीतरी म्हणायची तिला. मला कधी सांगितलं नाही." त्याने टोपी डोक्यावर घातली आणि पुन्हा काढली. "एक काम कर. सोमवारी यंत्र येईल तेव्हा कॅहलला सांग, एवढा एक दगड सोडा म्हणावं. बाकीचे खुशाल काढा."

"बाकीचे कुणाचे?"

"बाकीचे ते, संताचे. दुधाचे थेंब."

डेलिया चाळीस दगडांकडे बघत राहिली. कॅहलच्या पट्टीने आखलेल्या रेषेतला पोक पूर्वेच्या कुंपणापाशी यांच्यातल्याच एका दगडाभोवती होता. मग तिची नजर काटेरी झुडपाखालच्या पावाएवढ्या दगडावर गेली आणि तिला आईचे बूट आठवले. एकच जोड होता, वीस वर्षं वापरलेला, काळा. त्याला पट्टा आणि बक्कल होतं. आईच्या बुटांना कधी नाडी नव्हतीच.

ती तिथेच ओल्या गवतात बसली. मॅलकीने तिला उठवलं नाही, शेजारी उभा राहिला.

६

कॅहल दुकान बंद करत होता.

"दगड सापडला," डेलिया म्हणाली. "चोरीला गेलाच नव्हता. ज्याचा होता त्याने जागेवर ठेवला."

"ज्याचा होता म्हणजे? तो गावाचा..."

"कॅहल, तुझ्या नकाशातला तो शोभेचा दगड कुणाचा आहे?"

कॅहलने फळी लावता लावता हात थांबवला. हा मोठ्याने बोलणारा माणूस इतक्या हळू बोलू शकतो हे डेलियाला माहीत नव्हतं.

"माझ्या भावाचा. वडील गेले त्या दिवशी आईने दाखवला. कुणाला सांगू नकोस म्हणाली. मी बायकोलाही सांगितलेलं नाही." तो गल्ल्यामागच्या स्टुलावर बसला. "मला वाटलं तो एकच आहे. बाकीचे नुसते दगड असतील असं वाटलं, डेलिया. शपथेवर सांगतो."

"मॅलकीलाही तेच वाटत होतं. माझ्या आईलाही तेच वाटत असेल. तिने तर मला सगळे मोजायला लावले, म्हणजे तिचा एक हरवला तर कळावं."

"मग सगळेच?"

"ते उद्या कळेल," डेलिया म्हणाली.

रविवारी मिस्सा संपल्यावर लोक अनावरणाला म्हणून हॉलसमोर जमले. कोलमन बॅग घेऊन बस थांब्यावर उभा होता. डेलियाने त्याला पाहिलं, पण हाक मारली नाही. ती बैठकीच्या दगडापाशी उभी राहिली आणि तिने पिशवीतून आपण लिहिलेल्या गोष्टीचा कागद काढला.

"पहिली गोष्ट, कोलमनने काही चोरलेलं नाही. कॅहल तसं तुमच्यासमोर सांगेल."

"चूक माझी होती," कॅहल म्हणाला. "त्याची माफी मी मागतो." आणि आवाज थांब्यापर्यंत पोचावा एवढ्या मोठ्याने म्हणाला, हे त्याचं भलेपण.

"दुसरी गोष्ट," डेलिया म्हणाली, "मी लिहिलेलं हे खोटं आहे. दूध सांडलं वगैरे काही नाही. गावाला नाव कशावरून पडलं ते तुमच्यातल्या बहुतेकांना ठाऊक आहे. प्रत्येकाला एकेका दगडापुरतं. उद्या तिथे यंत्र येणार आहे. मी आता मागे जाऊन माझ्या दगडापाशी उभी राहणार. ज्यांचा असेल त्यांनी यावं. बोलायची गरज नाही."

ती रबरी बूट फतफत वाजवत निघाली. मॅलकी तिच्या मागोमाग गेला आणि मोठ्या दगडापाशी उभा राहिला. पाच मिनिटं दुसरं कुणी आलं नाही. डेलियाला वाटलं, आपण म्हातारपणी वेडेपणा केला.

मग कॅहल आला. त्याची बायको फाटकातून त्याच्याकडे बघत होती. तो पूर्वेच्या कुंपणापाशी गेला आणि तिने तोंडावर हात ठेवला. त्यानंतर कन्सेप्टा आली. एरवी पाच मैलांवरून ऐकू येणारी बाई शब्द न बोलता एका दगडापाशी थांबली, मग तिथून दुसऱ्यापाशी गेली, आणि कुठे उभं राहावं ते न कळून दोघांच्या मध्ये उभी राहिली. मग रीघ लागली. म्हातारे दोन भाऊ आले आणि एकाच दगडापाशी येऊन एकमेकांकडे बघू लागले, कारण दोघांपैकी प्रत्येकाला वाटत होतं की हे दुसऱ्याला माहीत नाही. शाळेच्या बाई आल्या. तरुण फादर आले, पण ते फाटकातच थांबले. त्यांनी टोपी काढली आणि मॅलकीने होकारार्थी मान हलवल्यावरच आत पाऊल टाकलं.

अठ्ठावीस दगडांपाशी माणसं होती. तेरा रिकामे राहिले. ती घरं आता गावात नव्हती, अमेरिकेत नाही तर इंग्लंडात गेलेली.

"यंत्र येणार नाही," कॅहल म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं.

रस्त्यावर बस आली. ड्रायव्हरने एकदा भोंगा वाजवला, मग लोकांना असं गवतात विखरून उभं राहिलेलं पाहून इंजिनच बंद केलं. कोलमन बॅग खांद्यावर टाकून फाटकापर्यंत आला. त्याने सगळ्यांकडे पाहिलं, मग ड्रायव्हरला हाताने जा म्हणून खूण केली आणि बॅग कुंपणाला टेकवून तो आत आला.

तो मॅलकीजवळ थांबला. "अक्षरं जमिनीकडेच राहू देत," म्हणाला. "नाव मी साध्या पाटीच्या दगडावर कोरतो. समोर लावू."

"त्याच्याखाली काय लिहायचं?" कॅहलने विचारलं.

"नुसता आकडा," मॅलकी म्हणाला.

कन्सेप्टा रिकाम्या दगडांपैकी एकापाशी जाऊन उभी राहिली. म्हणाली, कुणाचा का असेना, एकटा कशाला. मग बाकीचेही पांगले, आणि थोड्या वेळाने एकही दगड रिकामा राहिला नाही.

कोलमन झुडपाखाली डेलियाकडे आला. ती दुखऱ्या गुडघ्यावर एक हात ठेवून खाली वाकली होती. पावाएवढ्या दगडावरचं शेवाळ तिने अंगठ्याने पुसलं होतं आणि तिचा दुसरा हात अजून तिथेच होता.

"काय करतेस, मावशी?"

"बुटाची नाडी बांधतेय."

"रबरी बुटाला कुठली आलीये नाडी?"

"माहितीये मला," डेलिया म्हणाली. "तू पण बांध."

कोलमन तिच्याशेजारी वाकला.